चोर सोडून संन्याशास सुळीं

गेल्या वैशाखांत आमच्या नात्यांतील एका मुंजीच्या पंक्तींत घडलेला एक लहानसा प्रसंग आरंभीं सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. पंक्तींत चौदा वर्षांची एक मुलगी बसली होती. अंगानें थोडी स्थूल, स्वभावानें अबोल, शाळेंत हुशार. वाढपी जिलबी घेऊन आला. मुलीनें कांहीं बोलण्यापूर्वींच समोर बसलेल्या, वडील नात्याच्या एक बाई सर्वांच्या देखत म्हणाल्या, "तिला नको रे वाढूं. आधींच काय कमी आहे? उद्यां हिला पत्करणार कोण?" पंक्तींत हंशा पिकला. मुलीनें मान खालीं घातली, पानांतील भातहि तसाच टाकला, आणि हात धुण्याच्या निमित्तानें जी उठली ती पुनः पंक्तीकडे फिरकली नाहीं. त्याच बाईंनीं आपल्या पांच वर्षांच्या नातवासाठीं पिशवींत क्रीमच्या बिस्किटांचे दोन पुडे आणि गोड सरबताची एक चौकोनी पुठ्ठ्याची पेटी आणिली होती. 'जेवत नाहीं मेला, निदान हें तरी पोटांत जाऊं दे' असें म्हणून त्यांनीं तीं त्याच्या हातांत दिलीं. आम्ही दोन पानांपलीकडे बसलों होतों. आम्हीं हा सर्व प्रकार पाहिला, ऐकला, आणि मुकाट्यानें जेवण पुरें केलें. त्या मौनाची वाटलेली लाज हेंच प्रस्तुत लेखाचें कारण होय.

लठ्ठपणाविषयीं आमच्या सुशिक्षित घरांतून जें मत दृढ होऊन बसलें आहे तें असें: जो लठ्ठ आहे तो आळशी आहे, खादाड आहे, त्याचा जिभेवर ताबा नाहीं, त्यानें खाणें आंवरावें, पहांटे उठून फिरावयास जावें, म्हणजे झालें. हें मत इतकें सोपें आणि सांगणारास इतकें सुखावह आहे कीं, त्याची परीक्षा करण्याची गरज कोणासच वाटत नाहीं. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, हें मत चुकीचें आहे. ज्यांच्या सोयीचें तें आहे त्यांनीं तें पदरचा पैसा खर्चून जोपासलें आहे. आणि आपण पांढरपेशे लोक घरोघरीं त्याचा फुकट प्रचार करीत आहों.

प्रथम आंकडे पाहूं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरींत आपल्या देशांतील तरुण व मध्यम वयाच्या स्त्रियांपैकीं २०.६ टक्के आणि पुरुषांपैकीं १८.९ टक्के लोक प्रमाणाबाहेर वजनाचे आढळले. २०१९-२१ च्या फेरींत तेच आंकडे अनुक्रमें २४ आणि २२.९ झाले. अमेरिकेंत १९७६ ते १९८० च्या दरम्यान प्रौढांपैकीं १५ टक्के लठ्ठ होते. २०१७-१८ सालीं ते ४२.४ टक्के झाले. आतां वाचकांनींच सांगावें, चार-पांच वर्षांत आपल्या देशांतील कोट्यवधि माणसांची इच्छाशक्ति एकाएकीं ढिली पडली काय? कीं अमेरिकेंतील एका पिढीस जिभेचा संयम होता आणि पुढच्या पिढीनें तो गहाण टाकला? एखाद्या घरांतील एक मूल तापानें फणफणलें तर त्यानें उन्हांत खेळ केला असेल असें म्हणतां येतें. परंतु गांवांतील दर तिसरें मूल तापलें तर शहाणा मनुष्य विहिरीचें पाणी तपासतो. लठ्ठपणाच्या बाबतींत मात्र आम्ही अजून एकेका मुलाच्या कानाखालीं वाजवीत बसलों आहों, आणि विहिरीकडे जावयास कोणी तयार नाहीं.

ही विहीर कोणती हें एका साध्या प्रयोगानें दाखवून दिलें आहे. अमेरिकेंतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेंत केव्हिन हॉल या संशोधकानें वीस माणसांस चार आठवडे रुग्णालयांत ठेवून घेतलें आणि २०१९ सालीं त्याचें फळ प्रसिद्ध केलें. प्रत्येकास दोन आठवडे घरगुती पद्धतीचें साधें अन्न आणि दोन आठवडे कारखान्यांतून तयार होऊन आलेलें अतिप्रक्रियायुक्त अन्न दिलें. पुढें ठेवलेल्या दोन्ही ताटांत उष्मांक, साखर, चरबी, मीठ आणि चोथा हीं सारखींच राहतील अशी व्यवस्था होती. किती खावें याची मोकळीक मात्र खाणारास होती. झालें असें कीं, कारखान्याचें अन्न पुढें असतांना तींच माणसें दररोज सुमारें पांचशें उष्मांक अधिक खाऊन गेलीं आणि पंधरवड्यांत जवळजवळ एक किलो वाढलीं. साधें अन्न पुढें येतांच तेवढींच उतरलीं. लक्षांत घ्या, माणसें तींच, त्यांची नीति तीच, संयम तोच. बदललें तें केवळ ताट. हें अन्न मऊ असतें, चावावें लागत नाहीं, भराभर घशाखालीं उतरतें, आणि पोट भरल्याची वर्दी मेंदूस पोंचण्यापूर्वीं गरजेहून अधिक खाणें होऊन जातें. एवढें कळल्यावर त्या चौदा वर्षांच्या मुलीस इच्छाशक्तीचे पाठ देणें म्हणजे उतारावर गाडी सोडून देऊन चाकांस दोष देण्यासारखें आहे.

'पण व्यापारी लोक व्यापार करणारच. त्यांत कपट काय?' असा प्रश्न येथें कोणी भला गृहस्थ विचारील. त्याच्यासाठीं थोडा इतिहास सांगणें प्राप्त आहे. १९८५ सालीं फिलिप मॉरिस या सिगारेटच्या कंपनीनें जनरल फूड्स ही खाद्यपदार्थांची कंपनी विकत घेतली. त्याच वर्षीं आर. जे. रेनॉल्ड्स या दुसऱ्या सिगारेटवाल्यांनीं नॅबिस्को ही बिस्किटांची प्रचंड कंपनी पदरांत पाडून घेतली, आणि १९८८ सालीं फिलिप मॉरिसनें क्राफ्टहि घेतली. म्हणजे ज्यांनीं तंबाखूनें कर्करोग होत नाहीं असें जगास वर्षानुवर्षें पटविलें, तेच अमेरिकेच्या स्वयंपाकघराचे मालक झाले. गिऱ्हाईक सवयीनें कसें बांधावें, आणि तें आजारी पडल्यावर 'त्यानें स्वखुषीनें घेतलें' असें कसें म्हणावें, ही विद्या त्यांस कोणीं नव्यानें शिकवावी लागली नाहीं.

शास्त्राचें पुढें काय झालें तेंहि पाहा. १९६५ सालीं अमेरिकेंतील साखरवाल्यांच्या शुगर रिसर्च फाउंडेशन या संस्थेनें हार्वर्ड विद्यापीठांतील आहारशास्त्रज्ञांस साडेसहा हजार डॉलर देऊन एक समालोचन लिहून घेतलें. तें १९६७ सालीं 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या जगन्मान्य नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. हृदयविकाराच्या बाबतींत साखरेवरील संशय हलका करावयाचा आणि सर्व बोट चरबीकडे दाखवावयाचें, असा त्याचा रोख होता. पैसा कोणाचा याचा उच्चारहि त्यांत नव्हता. तसा उच्चार करण्याचा नियम त्या काळीं नव्हता हें खरें, पण नियम नसला म्हणजे लाजहि नसावी असें नाहीं. हा व्यवहार जुन्या पत्रव्यवहारांतून उघडकीस आला तो २०१६ सालीं, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनीं. चरबी सर्वस्वीं निर्दोष आहे असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. आमची तक्रार एवढीच आहे कीं, दोन आरोपी असतां एकानें पंचासच पैसे चारिले आणि न्यायसभेंतून तो सुखरूप घरीं गेला. जॉन युडकिन नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें १९७२ सालीं साखरेविरुद्ध पुस्तक लिहिलें, तेव्हां त्यास अतिशयोक्ति करणारा ठरवून बाजूस सारण्यांत आलें. कुंपणानेंच शेत खाल्लें तर दाद कोणाकडे मागावी?

याहून गमतीची गोष्ट २०१५ सालची. अमेरिकेंत 'ग्लोबल एनर्जी बॅलन्स नेटवर्क' अशा भारदस्त नांवाचें एक शास्त्रज्ञांचें मंडळ निघालें. त्याचा उपदेश असा कीं, लोक खाण्यापिण्याचीच फार चिंता करतात. खरी उणीव आहे ती व्यायामाची. उपदेश ऐकावयास गोड. आणि गोड असावयास कारणहि होतें, कारण त्या मंडळास कोका-कोला कंपनीनें पंधरा लक्ष डॉलर दिले होते. वृत्तपत्रांत बोभाटा झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मंडळानें गाशा गुंडाळला. आमच्याकडे यालाच 'आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं' असें म्हणतात. व्यायाम उत्तम आहे. हृदयास, सांध्यांस, मनास त्याच्यासारखें औषध नाहीं. परंतु कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या एका डब्यांत सुमारें ३५ ग्रॅम साखर असते. ती पिण्यास पांच मिनिटें लागतात. चालून जिरविण्यास अर्ध्या तासाहून अधिक लागतो. हा हिशेब जो गिऱ्हाइकास सांगत नाहीं आणि शाळांतून क्रीडास्पर्धांस बक्षिसें वांटतो, त्यास क्रीडेचा पुरस्कर्ता कसें म्हणावें?

आतां या धंद्याचें दुसरें अंग पाहूं. कारण लठ्ठ करणारी पेढी आणि बारीक करणारी पेढी या दोन निराळ्या आहेत अशी आपली समजूत असते. वेट वॉचर्स ही वजन उतरविण्याच्या वर्गांची संस्था १९६३ सालीं न्यूयॉर्कमध्यें जीन नायडेच या गृहिणीनें काढली. १९७८ सालीं ती हाइन्झ या सॉस-मुरंबेवाल्या कंपनीनें विकत घेतली व १९९९ पर्यंत आपल्या हातीं ठेविली. २००० सालीं युनिलिव्हर कंपनीनें स्लिम-फास्ट हें बारीक होण्याचें पेय आणि बेन अँड जेरीज हें आइस्क्रीम एकाच वर्षांत खरेदी केलें. नेस्ले या चॉकलेटच्या राजानें २००६ सालीं जेनी क्रेग ही वजन उतरविणारी कंपनी घेतली आणि २०१३ सालीं विकली. म्हणजे गिऱ्हाईक जातां पैसा, येतां पैसा. सावकारानें एका हातानें कर्ज द्यावें आणि दुसऱ्या हातानें कर्जमुक्तीचा ताईत विकावा, असा हा मासला आहे. आणि ताईतानें गुण आला नाहीं तर दोष कोणाचा? अर्थात् श्रद्धा कमी पडलेल्या कुळाचा!

ताईताचा गुण कां येत नाहीं यासहि शास्त्रीय कारण आहे. अमेरिकेंत 'द बिगेस्ट लूजर' या नांवाची वजन उतरविण्याची एक दूरदर्शन-स्पर्धा गाजली. तींतील चौदा स्पर्धकांची सहा वर्षांनंतर तपासणी करून २०१६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्पर्धेंत त्यांनीं सरासरी ५८ किलो वजन उतरविलें होतें; त्यांपैकीं ४१ किलो परत आलें होतें. एवढेंच नव्हे, तर त्यांचें शरीर स्वस्थ बसल्या ठिकाणीं, त्या वजनाच्या माणसाकडून अपेक्षावें त्याहून, दररोज सुमारें पांचशें उष्मांक कमी जाळीत होतें. शरीरास उपासमार आणि सौंदर्यसाधना यांतील भेद कळत नाहीं. दुष्काळ पडला असें समजून तें खर्च आंवरतें आणि भूक वाढवितें. हा आपल्या पूर्वजांस तारून नेणारा गुण आहे, दुर्गुण नव्हे. परंतु वजन उतरविण्याच्या धंद्याचें सर्व भांडवल याच गुणांत आहे. कारण त्यामुळेंच गिऱ्हाईक दर वर्षीं अधिक लज्जित होऊन परत येतें. जो दवाखाना रोग्यास बरें करीत नाहीं आणि तरी ज्याची गर्दी वाढत जाते, असा दवाखाना या व्यवसायावांचून दुसरा दाखवा.

गेल्या कांहीं वर्षांत या नाटकांत नवें पात्र आलें आहे. भूक मंद करणाऱ्या इंजेक्शनांनीं अमेरिकेंत एवढी उलथापालथ केली कीं २०२५ च्या मे महिन्यांत वेट वॉचर्सला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. त्याच वर्षीं मार्चांत मौंजारो आणि जूनांत वेगोव्ही हीं औषधें आपल्या देशांत विक्रीस आलीं. हीं औषधें खोटीं आहेत असें आम्ही म्हणणार नाहीं. मधुमेहानें वा अतिस्थूलतेनें पीडलेल्या रोग्यास तीं वरदान ठरलीं आहेत. इतकेंच काय, इच्छाशक्तीच्या सिद्धांताचा खरा पराभव त्यांनींच केला. कारण एका सुईनें जी भूक शमते, ती पापाची नसून शरीराची होती हें त्यावरून सिद्ध होतें. परंतु औषध थांबविल्यावर वर्षाच्या आंत उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत येतो, असेंहि २०२२ सालीं आढळून आलें. म्हणजे मनुष्य जन्मभर बांधला जावयाचा. आधीं कारखान्यानें भूक बिघडवावी, मग दुसऱ्या कारखान्यानें ती महिन्याच्या हप्त्यानें दुरुस्त करावी, आणि दोहोंच्या मधें आपण पगाराचें पाकीट घेऊन उभे राहावें, ही व्यवस्था ज्यास प्रगति वाटते त्यास आमचा नमस्कार असो.

'हें सर्व परदेशांतलें; आमच्या वरणभाताच्या घरांत याचा शिरकाव कोठें?' असें कोणी म्हणेल तर त्यानें आपल्याच फडताळाकडे पाहावें. आमच्या घरीं मुलांस दुधांतून एक तपकिरी पूड देण्याची चाल होती. डब्यावर उंच उडी मारणाऱ्या मुलाचें चित्र. आंत निम्म्याच्या आसपास साखर. आम्हीं तो डबा वीस वर्षें आणिला, तो आणतांना आपण कर्तव्यदक्ष बाप आहों असें समाधान मानिलें, आणि चष्मा असूनहि त्याची मागची बाजू कधीं वाचली नाहीं. अशा पुडींस बाजारांत 'आरोग्यपेय' म्हणून मिरविण्याचा कायद्यानें कांहींच आधार नाहीं, हें सरकारच्या लक्षांत यावयास २०२४ चा एप्रिल उजाडला. बोर्नव्हिटासारखीं पेयें त्या सदराखालून काढावीं असें ऑनलाइन दुकानदारांस तेव्हां कळविण्यांत आलें. आणि हॉर्लिक्सच्या मालकांनींहि त्याच सुमारास 'आरोग्य' हा शब्द सोडून दुसरें गुळमुळीत विशेषण धरिलें. त्याच महिन्यांत स्वित्झर्लंडमधील पब्लिक आय या संस्थेनें दाखवून दिलें कीं, नेस्लेच्या सेरेलॅक या शिशु-आहारांत आपल्या देशांत दर खेपेस सरासरी जवळजवळ तीन ग्रॅम वरून घातलेली साखर असते, आणि तेंच अन्न जर्मनी व इंग्लंड येथें साखरेवांचून विकलें जातें. कंपनीनें साखर कमी करीत आणल्याचें सांगितलें. पण एकाच आईच्या दोन लेकरांस दोन ताटें कां, याचें उत्तर त्यांत नव्हतें. दांत न आलेल्या बाळास गोडाची चटक लावावयाची, आणि तेंच बाळ चौदा वर्षांचें झालें म्हणजे पंक्तींतून उठवावयाचें!

आपल्या लोकांस तर या प्रकरणीं दुप्पट सावध राहणें प्राप्त आहे, आणि याचा शोध पुण्यांतच लागला. के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतून माता व अर्भकें यांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालकांचें वजन सरासरी २.७ किलोच्या जवळपास भरलें, इंग्लंडांतील बालकांचें ३.५, पण हें अल्प वजन मुख्यतः स्नायूंच्या उणिवेचें होतें, त्वचेखालील चरबी त्या मानानें फारशी कमी नव्हती. २००४ सालीं याज्ञिकांनीं व त्यांच्या एका इंग्रज स्नेह्यानें 'लॅन्सेट'मध्यें आपलें दोघांचें छायाचित्रच छापलें. उंचीच्या मानानें वजनाचा अंक दोघांचाहि एकच, २२.३, शरीरांतील चरबी मात्र इंग्रजाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. अर्थ उघड आहे. आपल्याकडे जो बारीक दिसतो तोहि आंतून लठ्ठ असूं शकतो. आणि पंक्तींत जी मुलगी हंशाचा विषय झाली तिच्याहून, बिस्किटांचा पुडा हातांत घेतलेला तो सडपातळ नातूच कदाचित् मधुमेहाच्या वाटेवर पुढें गेलेला असेल. डोळ्यांनीं लठ्ठपणा मोजणारे आमचे वडीलधारे येथें साफ फसतात.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप स्वातंत्र्याचा: कोणी कोणाच्या तोंडांत कोंबीत नाहीं, ज्याचें त्यास कळलें पाहिजे. आम्हांसहि स्वातंत्र्य प्रिय आहे. परंतु पुड्याच्या पुढें लाल-पिवळी चित्रें आणि मागें मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत घटक, तेहि परभाषेंत, अशी जेथें स्थिति आहे, तेथें स्वातंत्र्य कोणाचें? पांच वर्षांच्या मुलानें जाहिरात पाहून हट्ट धरावा, यांत निवड मुलाची कीं जाहिरात देणाराची? दुसरा आक्षेप असा कीं, आपले लाडू, श्रीखंड, शंकरपाळे तरी कोठें निर्दोष आहेत? नाहींतच. पण दिवाळी वर्षांतून एकदां येते. चकली करणारीचा हात दुखतो. आणि आपला फराळ मुलानें रोज दहा वेळां खावा म्हणून कोणतीहि आजी शास्त्रज्ञांस वेतन देत नाहीं. तिसरा आक्षेप आमच्या प्रांताच्या जिव्हाळ्याचा आहे. १९५० सालीं प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनीं सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हांपासून महाराष्ट्राच्या राजकारणाचें आणि खेड्यांचें पोट उंसावर भरलें आहे. मग साखरेविरुद्ध बोलणें म्हणजे शेतकऱ्याविरुद्ध बोलणें नव्हे काय? नव्हे. शिशूच्या खिमटींत साखर घालावी असा ठराव कोणत्याहि ऊंस-बागाइतदारानें केलेला नाहीं. त्याच्या नांवानें गळा काढणारांनीं आधीं त्याचीं थकलेलीं बिलें चुकवावीं, आणि मग त्याच्या खांद्यावर बंदूक ठेवावी.

मग उपाय काय? उपाय आहे, आणि तो अन्य देशांनीं करून पाहिला आहे. दक्षिण अमेरिकेंतील चिली या देशानें २०१६ पासून ज्या पुड्यांत साखर, मीठ, चरबी वा उष्मांक अधिक असतील त्यांच्या दर्शनी बाजूस काळा अष्टकोन छापण्याची सक्ति केली. असल्या मालावरील मुलांस भुरळ घालणारीं चित्रें काढविलीं. आणि शाळांतून त्याची विक्री बंद केली. पहिल्या दीड वर्षांतच तेथें गोड पेयांची खरेदी सुमारें चतुर्थांशानें घटली. मेक्सिकोनें २०१४ पासून गोड पेयांवर लिटरमागें एक पेसो कर बसविला. इंग्लंडनें २०१८ सालीं साखरेच्या प्रमाणावर कर लावतांच पेयें करणारांनीं आपण होऊन साखर कमी केली. म्हणजे 'साखरेवांचून चव येत नाहीं' हें त्यांचें म्हणणें कर बसेपर्यंतच खरें होतें.

आणि आपण? आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानें २०२२ च्या सप्टेंबरांत जो मसुदा काढला त्यांत इशारा नव्हता, तारे होते. अर्ध्या ताऱ्यापासून पांच ताऱ्यांपर्यंत. वाईटांत वाईट पदार्थासहि अर्धा तारा मिळावयाचा, आणि साखरेचें पाप थोड्या सुक्या मेव्यानें वा चोथ्यानें धुऊन निघावयाचें! विषाच्या बाटलीवर कवटी काढतात, गुणपत्रक चिकटवीत नाहींत. २०२५ च्या एप्रिलांत सर्वोच्च न्यायालयानें या विषयाचा निकाल लावण्यास तीन महिन्यांची मुदत दिली. जुलैंत ती वाढवून देणें भाग पडलें. त्याच वर्षीं जानेवारींत सरकारच्याच आर्थिक पाहणीनें अतिप्रक्रियायुक्त अन्नावर जादा कर सुचविला. आणि सप्टेंबरांत, गोड फसफसत्या पेयांवर ४० टक्के कर राखून, बिस्किटें, चॉकलेटें, शेवया-नूडल्स आणि पुड्यांतील फरसाण यांवरील कर पांच टक्क्यांवर उतरविण्यांत आला. एका दारानें वैद्य आंत घ्यावयाचा आणि दुसऱ्या दारानें रोग, अशी ही गृहव्यवस्था आहे.

हें बदलावयाचें तर तें आपणच बदलले पाहिजे; कारण या मालाचे पहिले आणि मोठे गिऱ्हाईक आपण आहों, आणि ज्यांस अर्ज लिहितां येतो, सभा भरवितां येते, वृत्तपत्रांत पत्र धाडतां येतें, असेहि आपणच आहों. पुड्याच्या दर्शनी भागावर, मराठींतून, स्पष्ट इशारा छापिलाच पाहिजे, अशी मागणी प्रत्येक पालकसभेनें करावी. शाळेच्या आवारांत आणि पन्नास मीटरांच्या आंत असला माल विकूं नये असा नियम २०२० सालींच झाला आहे. तो आपल्या शाळेच्या दारीं पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्यास कोणा न्यायाधीशाची गरज नाहीं, घरांतून निघून कोपऱ्यापर्यंत चालत जाण्याची आहे. ज्यास व्यायामाचें महत्त्व वाटतें त्यानें तेवढा तरी करावा.

आणि तोंवर एक गोष्ट आजच करतां येईल. त्या मुलीच्या पंक्तींत आम्ही गप्प बसलों. मुंजीनंतर चार दिवसांनीं तिच्या घरीं गेलों असतां तिची आई सांगत होती कीं, मुलगी रात्रीचें जेवत नाहीं, आणि मोबाइलवर पाहून कसलीशी वजन उतरविण्याची पूड मागवूं लागली आहे. डब्याची मागची बाजू या वेळीं आम्हीं वाचली. तींत काय होतें तें येथें सांगत बसत नाहीं. ती पूड करणारांचा दुसरा धंदा गोड बिस्किटांचा होता, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. ज्यांनीं तिला वाढविलें तेच आतां तिला कमी करावयास निघाले होते, आणि मधल्या दलालीचें काम पंक्तींतल्या त्या हंशानें केलें होतें. तो हंसणारांत आम्ही नव्हतों हें खरें. पण तो थांबविणारांतहि नव्हतों. पुढच्या पंक्तींत चोरास सोडून संन्याशास सुळीं देण्याचा समारंभ सुरू होईल, तेव्हां निदान एक मनुष्य उठून बोलेल, एवढें वचन आम्हीं त्या मुलीस दिलें आहे. वाचकांपैकीं प्रत्येकाच्या नात्यांत अशी एक मुलगी आहे. तिला तेवढेंच वचन द्यावें, ही विनंती.